नव्या रंगावर वॅक्स? थांब ना बाप्पा जरासा

आमच्या बोलेरोच्या बोनेटवर तिरपं ऊन पडलं ना, की ड्रायव्हर साइडच्या कोपऱ्यात अजूनही कापडाची वीण दिसते. उभे आडवे धागे, एकदम स्पष्ट, जसं कोणी ओल्या सारवणावर पोतं अंथरून उचललं असावं. बफिंग करून बरीचशी गेली, जी उरली ती तुही अक्कल म्हणून राहू दे, असं मोठेबाबा म्हणतात. आणि एकदा म्हणून थांबत नाहीत, घरी येईल त्या पाहुण्याला चहाच्या आधी तो कोपरा दाखवतात.

तर झालं असं की.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे पक्क्या खारपाणपट्ट्यात. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत हा पट्टा आहे, जमिनीखालचं पाणीच खारट. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, आणि त्या पाण्यानं गाडी धुतली की वाळल्यावर अंगभर पांढरे ठिपके, वाटतं कोणी चुन्याची निवळी शिंपडून गेलं. नळाला शहानूर धरणाचं गोड पाणी येतं पण ते रोज थोडी येते, आणि आलं की आधी पिण्याचे गुंड, मग टाकी, मग आईची भांडी, गाडीचा नंबर कुठेच नाही. हे पाण्याचं पुराण मुद्दाम सांगून रायलो, कारण वॅक्स लावायची घाई मला त्याच्याचमुळे झाली होती.

गाडी जुनी, मरून कलरची. घरासमोर मोठा निंब आहे, त्याच्यावरून वांदरं थेट गाडीच्या टपावर उतरतात, जसा काही तो त्यांचा एस्टी स्टँड आहे. टपाला दोन खड्डे, बोनेटचा रंग उन्हानं पार पांढरा पडलेला, मागच्या दाराखाली गंज. चुलतभावाचं लग्न मार्गशीर्षात ठरलं आणि पहिल्या वेच्याच्या कापसाचे पैसे हातात आले, तेव्हा बाबा म्हणाले करून टाक एकदाचा कलर. मी म्हटलं पांढरा मारू, ऊन कमी लागते. तर रंग बदलला की आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करावी लागते, तो कागदाचा कुटाणा कोण करणार, म्हणून परत मरूनच.

आमच्याकडचा पेंटर म्हणजे जुना माणूस, सगळे त्यांना चाचा म्हणतात. बूथ बीथ (रंग मारायची बंद खोली) काही नाही, टिनाचं शेड, तीन बाजूंनी हिरवी नेट आणि ताडपत्री, आणि गन चालू करायच्या आधी खाली जमिनीवर सपसप पाणी मारतात म्हणजे धूळ उडत नाही. त्यांचं काम मी दोन दिवस बसून पाहिलं. आधी पत्रा ठोकून सरळ, मग लांबी (पुट्टी) भरली, मग ती घासली, परत भरली, परत घासली, हात फिरवून डोळे मिटून पाहायचे, कुठं उंचवटा लागला की परत घासाई. मग प्रायमर, मग पाण्यात भिजवलेल्या सँडपेपरनं घासणं, मग रंगाचे हात आणि सगळ्यात वर लॅकर, ज्याला शहरातले क्लिअर कोट म्हणतात. लॅकरमध्ये हार्डनर मोजून टाकताना चाचांनी मला तोंडाला रुमाल बांधून बाहेर हाकललं. ते बरोबरच होतं, कारण या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असते आणि ते श्वासातून गेलं तर दम्यासारखा त्रास होऊ शकते. रुमालानं त्याच्यात काही होत नाही ही गोष्ट वेगळी, तिथं खरा मास्कच पाहिजे, आणि तो चाचांच्या तोंडावर पण नव्हता.

गाडी घेताना चाचा म्हणाले, "घेऊन जा, पण वरून काही लावू नोको. पॉलिश नाई, मेण नाई, काहीच नाई. दोन महिने तं हातच लावू नोको."

मी हाव म्हटलं. मी त्या वेळी मोबाइलवर होतो. बँडवाल्याशी बोलून रायलो होतो.

आता गाडी अशी चमकत होती की दाढी करून घ्यावी तिच्यात. पण घरी आणल्या आणल्या एका पोट्ट्यानं कौतुकानं बोअरचा पाइप लावून धुतली, आणि झाले ना पांढरे ठिपके! नव्या रंगावर! माझा जीव खालीवर. मोठेबाबा म्हणाले डिझेलचं फडकं मार, आम्ही ट्रॅक्टरले तेच मारतो, कसा चमकते पाय. (डिझेल अजिबात नाही मारायचं, आधीच सांगून ठेवतो. त्या दिवशी चमकते, दुसऱ्या दिवशी त्याच्यावर सगळ्या शिवारची माती येऊन बसते, आणि ताज्या रंगाला तर ते नरम करते.) मग मी डोकं लावलं. वॅक्स लावलं की पाणी थेंब होऊन घरंगळून जाते, पाणी थांबलंच नाही तर डाग कुठून पडेल. लॉजिक बरोबर होतं, टाइम चुकला होता. अमरावतीहून वॅक्सचा डबा आणला आणि रंग मारून आठवा दिवस असताना पूर्ण गाडीला चोपडलं. वरून लग्नापर्यंत धूळ नको म्हणून कव्हर घालून दोरीनं आवळून टाकली.

डिसेंबरची थंडी, रात्रभर दंव. तीन दिवसांनी कव्हर काढलं.

बोनेटवर कव्हरच्या कापडाची अख्खी वीण छापलेली. टपावर चकाकी गेलेले मंद मंद चट्टे, जसं आरशावर कोणी वाफ सोडली आणि ती गेलीच नाही. मी फडक्यानं घासलं तर वॅक्स निघेना, चिकट चिकट पसरे, आणि फडक्याच्या बारीक बारीक गोल रेघा उमटल्या. नख सहज लागलं दाराच्या कडेला तर चंद्रकोर उमटली. नखाची! दहा अकरा दिवस झालेल्या रंगावर!

चाचांनी येऊन पाहिलं, वाकून बोनेटचा वास घेतला आणि फक्त एवढंच म्हणाले, "बह्याड हायेस का बे तू?"

लग्नात गाडी फुलांच्या माळांनी झाकली, त्याच्यामुळे निभावलं. बोनेटवर झेंडूची एवढी मोठी चादर का टाकली हे नवरीकडच्यांना अजून माहीत नाही.

तर आता जे तेव्हा ऐकायला पाहिजे होतं आणि मग चाचांच्या शेडमध्ये बसून, इकडं तिकडं वाचून समजलं, ते सांगतो. रंग हाताला सुका लागणं आणि रंग आतून पक्का होणं या दोन अलग गोष्टी आहेत. आईच्या कुरडया घ्या. गच्चीवर एका दिवसात वरून कडक वाटतात, पण मधल्या गुंतवळ्यात ओल असते, तशाच डब्यात भरल्या की दोन आठवड्यांत बुरशी. रंगाचं तेच. रंगात आणि लॅकरमध्ये थिनर असते, ते वरच्या थरातून आधी उडते आणि वर साय धरते, मग खालचं थिनर त्या सायीतून हळूहळू, दिवसच्या दिवस, बाहेर येत राहते. त्याच वेळी हार्डनर आणि रंगाची आतल्या आत गाठ पडत असते, ती रिॲक्शन पण पूर्ण व्हायला वेळ घेते. आता या सायीवर तुम्ही मेणाचा थर दिला म्हणजे डब्याचं झाकण लावलं. थिनर आत कोंडलं. मग रंग नरमच राहते, चकाकी बसते, चट्टे येतात, कधी कधी तर बारीक फोड येतात. आणि थंडीत हे सगळं आणखी हळू. मी ते सगळं डिसेंबरमध्ये केलं, झाकणावर परत कव्हरचं झाकण.

मग थांबायचं किती? एकच आकडा सगळ्यांना नाही लागत, आणि इथंच लोक भांडतात. शोरूममधून नवीकोरी गाडी आणली असेल तर थांबायची गरज नाही, कारण कंपनीत रंग मारतात तेव्हा नुसता पत्र्याचा सांगाडा असतो, सीट नाही, टायर नाही, वायरिंग नाही, तो सांगाडा भट्टीतून साधारण १४० डिग्रीला भाजून निघतो. त्याच्यात थिनर उरतच नाही. पण गॅरेजमध्ये पूर्ण गाडी उभी असते, तिला १४० डिग्री दिली तर प्लास्टिक वितळून हातात येईल, म्हणून चांगल्या बूथमध्ये साठेक डिग्रीवर अर्धा तास वगैरे बेक करतात. तिथं महिनाभर थांबलं तर सहसा चालून जाते. आणि आमच्यासारखं टिनाच्या शेडमध्ये हवेवर वाळवलेलं काम असेल तर साठ ते नव्वद दिवस, थंडीत किंवा पावसाळ्यात मारला असेल तर नव्वदच धरा. अपघातात एकच दार किंवा एकच मडगार्ड मारलं असेल तर तेवढं सोडून बाकी गाडीला बिनधास्त लावा, पण ते फडकं त्या पॅनलवर नेऊ नका.

सगळ्यात भारी उपाय म्हणजे पेंटरलाच विचारणं, की भाऊ कोणता माल मारला, हार्डनरवाला टू-के पीयू (दोन डबे मिसळून मारायचा पॉलियुरेथेन) आहे का साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज, हार्डनर नसलेला), आणि त्या मालाच्या डब्यावर कंपनीनं किती दिवस लिहिले आहेत. ते जे लिहिलं असेल ते खरं, माझं नाही. आमच्याकडे अजून कोणत्याही गाडीच्या रंगाला ड्युको म्हणतात, आजोबा तर स्कूटरच्या रंगाला पण ड्युकोच म्हणायचे. ते खरं म्हणजे १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीनं आणलेल्या एका लॅकरचं नाव होतं. त्याच्या आधी मोटारीचा रंग वाळायला आठवडे लागायचे, हा पटकन वाळायचा, म्हणून नाव इतकं पसरलं की दर्यापूरपर्यंत येऊन पोचलं आणि इथंच राहिलं.

घरगुती परीक्षा दोन. एक, दुपारी गाडी तासभर उन्हात ठेवा आणि बोनेटजवळ नाक न्या, थिनरचा वास आला तर अजून नाही. दोन, दाराच्या आतल्या कडेला, जिथं दिसत नाही तिथं, नख हळूच टेकवा. खूण राहिली तर अजून नाही. पण या परीक्षेत पास झाली म्हणून पंधराव्या दिवशी डबा उघडू नका, ही नापास ओळखायची परीक्षा आहे, पास करायची नाही.

आणखी एक घोळ दुकानात होते. आपण सगळ्यालाच पॉलिश म्हणतो. पॉलिश आणि रबिंग कंपाउंड हे घासणारे माल, त्याच्यात बारीक कण असतात, ते रंगाचा वरचा पापुद्रा किंचित खरवडून सपाट करतात, म्हणून चमक येते. वॅक्स काही खरवडत नाही, वर थर देते, पावसापासून आणि घाणीपासून राखते. म्हणजे आधी पॉलिश, मग वॅक्स, आणि दोन्ही एकाच बाटलीत असलेले माल पण येतात, त्याच्यामुळे बाटली वाचून घ्या. सिलिकॉन असलेलं काहीही, डॅशबोर्ड चमकवायचं असो की टायर चमकवायचं, नव्या रंगाजवळ नको, कारण पुढं टचअप करायची वेळ आली तर त्या जागी रंग बसतच नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडतात. आणि अमरावतीत आता गल्लोगल्ली सिरॅमिक कोटिंगवाले (रंगावर काचेसारखा पातळ थर देणारे) झालेत, ते आजच्या आज करून देतो म्हणतील, पण झाकण ते झाकण, मेणाचं असो की काचेचं.

मग तोपर्यंत गाडी उघडी टाकायची का, तर हाव, उघडीच, पण सावलीत आणि हवेशीर. निंबाखाली नाही. निंबाखाली वांदरं, पाखरं, डिंक, आणि उन्हाळा संपता संपता लिंबोळ्यांचा चिखल. पाखराची शीट नव्या रंगात तासाभरात खड्डा करू शकते, सुकली असेल तर खरवडू नका, ओलं फडकं वर दहा मिनिटं ठेवा आणि अलगद उचला. कोरडं फडकं तर मारूच नका, आमच्या काळ्या मातीची धूळ दिसायला पावडर वाटते पण तिच्यात कचकच असते. आधी पाणी वाहू द्या, माती उतरू द्या, मग हात. पहिले काही आठवडे नुसतं पाणी, नंतर गाडीचा सौम्य शाम्पू, भांड्याचा साबण आणि कपड्याची पावडर नाही.

आणि पाणी गोड. इथं आमच्या घरी महाभारत झालं. शेवटी असा तह झाला की आठवड्यातून एकदा नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या गाडीला, एक शाम्पूची, एक फडकं पिळायची, आणि ते उरलेलं पाणी मी स्वतः आईच्या मोगऱ्याला नेऊन टाकायचं (फक्त फडकं पिळलेलं, शाम्पूचं नाही, मोगऱ्यावरून ती ऐकून घेत नाही). खारं पाणी लागलंच तर उन्हात वाळू द्यायचं नाही, लगेच मऊ सुती धोतराच्या फडक्यानं टिपून घ्यायचं. टिपायचं, घासायचं नाही.

आमच्या गाडीचं पुढं काय झालं. चाचांनी वॅक्स काढायच्या लिक्विडनं हलक्या हातानं एकेक पॅनल साफ करून दिला आणि म्हणाले आता संक्रांत जाऊ दे, मंग पाहू. कोंडलेलं थिनर उडावं म्हणून जानेवारीभर मी रोज दुपारी गाडी उन्हात काढायचो आणि संध्याकाळी शेडमध्ये, बकरी बांधल्यासारखी. वास हळूहळू गेला. फेब्रुवारीत चाचांनी दोन हजार नंबरच्या पेपरनं पाणी मारत मारत बोनेट घासलं, पांढरं दुधासारखं पाणी वाहत होतं आणि माझ्या पोटात गोळा, मग रबिंग, मग मशीननं बफ. वीण गेली, त्या एका कोपऱ्यात सोडून. तिथं कडेला लॅकर पातळ असते, जास्त घासलं तर खालचा रंग निघेल म्हणून त्यांनी हात आवरला. टपावर मात्र लॅकरला संत्र्याच्या सालीसारखी खरखर आली होती, ती पण निघाली. याला पूर्ण जगात ऑरेंज पीलच म्हणतात म्हणे. मी चाचांना म्हटलं, अंजनगाव वरुडच्या मुलखात हे तर होणारच. त्यांना जोक आवडला नाही.

होळीच्या आधी वॅक्स लावलं. रंग मारून तेव्हा शंभराच्या वर दिवस झाले होते, आणि धुळवडीला पोट्टे गाडीला सोडत नाहीत म्हणून त्याच्या आधी करायचंच होतं. सकाळी सात वाजता शेडमध्ये, पत्रा हाताला थंड लागत होता तेव्हा. आदल्या संध्याकाळी धुऊन वाळवून ठेवली होती. काळ्या प्लास्टिकच्या बंपरला आणि दारावरच्या पट्ट्यांना आधी मास्किंग टेप लावली, कारण वॅक्स तिथं लागून सुकलं की पांढरे डाग पडतात आणि मग टूथब्रश घेऊन बसा. वॅक्स घ्यायचं किती, तर आठ आण्याच्या नाण्याएवढं, ओलसर स्पंजवर. अर्धं बोनेट, मग अर्धं. मी पहिल्या वेळी पोळीला तूप लावल्यासारखं थापलं होतं, आता इतकं पातळ की लागलं की नाही असं वाटावं. पाच सात मिनिटांत ते धुकट होते, बोट ओढून पाहायचं, बोटामागं स्वच्छ रेघ पडली की काढायला तयार, चिकटलं तर थांबा. मग मायक्रोफायबरचं फडकं, एका बाजूनं काढायचं, उलटवून दुसऱ्या बाजूनं पुसायचं, जमिनीवर पडलं तर ते फडकं बाद, झटकून परत घ्यायचं नाही. पूर्ण बोलेरोला दोन तास लागले. डब्यावर कार्नोबा लिहिलं होतं, ते ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानावरचं मेण आहे, ऐंशीच्या वर डिग्रीला वितळते, पण म्हणून आमच्या मे महिन्यात ते वर्षभर टिकेल असं नाही. इथं पंचेचाळीसच्या उन्हात दोन अडीच महिन्यांत थर संपतो, परत लावावं लागते.

संपलं की मी बोअरचा पाइप लावला, मुद्दाम. आई ओट्यावरून पाहून रायली होती. पाणी बोनेटवर पडलं आणि फुटाण्यासारखं टपाटपा थेंब थेंब होऊन खाली पळालं. जे चार थेंब राहिले ते मी लगेच टिपले, कारण वॅक्स असलं तरी खारं पाणी वाळलं की डाग पडतोच, फक्त तो रंगात मुरत नाही, पुसला जातो.

आता मोठेबाबांनी ट्रॅक्टरचं बोनेट आणि दोन्ही मडगार्ड रंगवून आणलेत, मागच्याच रविवारी. कॅलेंडरवर मी दोन महिन्यांपुढच्या तारखेला लाल गोल करून ठेवला आणि डिझेलचं फडकं लपवलं. तर तीन दिवसांतून एकदा ते वॅक्सचा डबा हातात घेऊन येतात आणि दारातूनच विचारतात, "झाले का बे दिवस?"

आज नववा आहे.